खोक्यातले मोझार्ट, रद्दीतले पलुसकर

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या बाजारात हिशेब उलटा चालतो. एकच सीडी घ्यायला गेलात तर ती महाग पडते, दहांचा संच घेतलात तर प्रत्येक सीडी निम्म्या भावात येते, आणि शंभराहून मोठा खोका उचललात तर एकेका सीडीचा दर चहा-नाश्त्याच्या खर्चाइतका उतरतो. मोझार्टच्या मृत्यूला २०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९९१ च्या सुमारास, फिलिप्स कंपनीने त्याचे समग्र संगीत १८० सीडींवर काढले. ती ग्रंथालयांनी किंवा धनिकांनी घ्यायची वस्तू होती. पुढे ब्रिलियंट क्लासिक्स या डच कंपनीने तोच मोझार्ट १७० सीडींच्या खोक्यात बसवला आणि किंमत अशी ठेवली की पगारदार माणसानेही थोडे दिवस घुटमळून अखेरीस तो घ्यावा. २०१६ साली डेक्का आणि डॉयच ग्रामोफोन यांनी मिळून २०० सीडींचा संच आणला. जेमतेम पस्तीस वर्षे जगलेल्या माणसाचे हे काम रोज एक सीडी या हिशेबाने ऐकायचे म्हटले तरी साडेसहा महिने लागतात, आणि रोज एक सीडी नेमाने ऐकणारा संग्राहक माझ्या तरी ओळखीत नाही.

ही स्वस्ताई कोणाच्या उदारपणातून आलेली नाही. शंभरेक वादकांचे मानधन, सभागृहाचे भाडे, तंत्रज्ञांचे पगार हा ध्वनिमुद्रणाचा खरा खर्च असतो, आणि तो कंपन्यांनी कधीच वसूल केलेला आहे. कारायान या वाद्यवृंद-संचालकाने १९६१-६२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी वाजवून घेतल्या. डॉयच ग्रामोफोनने १९६३ मध्ये त्यांचा ८ एलपींचा, म्हणजे लाँग प्ले तबकड्यांचा, संच आगाऊ वर्गणी घेऊन विकला, तेव्हा एकदम इतका मोठा संच विकायला काढणे हे धाडसच समजले गेले होते. नंतर तीच ध्वनिमुद्रणे स्वस्त मालिकेत आली, सीडीवर आली, नऊ सिंफनींच्या छोट्या खोक्यात आली आणि त्या संचालकाच्या साठच्या दशकातील सगळ्या कामाच्या ८२ सीडींच्या खोक्यातही आली. शिवाय युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ पासून तो ७० वर्षांचा झाला, परंतु त्याआधी जी ध्वनिमुद्रणे मोकळी झाली ती मोकळीच राहिली, आणि ती कोणीही छापू लागल्यावर मूळ कंपनीलाही भाव उतरवावा लागला. म्हणून मोठा खोका समोर आला की मी पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. यातले माझ्याकडे आधीच किती आहे, ते पाहतो. ज्याच्या घरी निम्मा माल आहे त्याला निम्म्या किमतीचा खोका पूर्ण किमतीलाच पडतो, हे साधे गणित सेलची पाटी पाहिल्यावर माणसे विसरतात.

नाशिकमध्ये राहून हा छंद करायचा म्हणजे बाहेरच्या वाटा शोधणे आलेच. पूर्वी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठायची, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये दुपार घालवायची आणि संध्याकाळच्या पंचवटीने पिशवी मांडीवर धरून परत यायचे, असा आमच्यापैकी अनेकांचा शिरस्ता होता. तेथील विक्रेत्यांना कोणता माणूस कशासाठी आला आहे हे चेहऱ्यावरून कळत असे, आणि कोपऱ्यातील उतरलेल्या भावाच्या मांडणीकडे ते स्वतःहून बोट दाखवीत. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर ते दुकान बंद झाले. परदेशातून टपालाने मागवायचे तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून संचाच्या किमतीच्या वर जातात. अशा वेळी उरते ते आपले गाव, आणि या बाबतीत आपले गाव वाटते तितके गरीब नाही, कारण आपल्या शेजारी देवळाली कॅम्प आहे.

देवळालीची हवा चांगली म्हणून तेथे पारशी कुटुंबांनी बंगले बांधले, आरोग्यभुवने उभी राहिली, छावणीमुळे लष्करी अधिकारी येत-जात राहिले. या मंडळींच्या दिवाणखान्यांत रेडिओग्राम होते आणि त्यांच्या कपाटांत बेथोव्हेन, चायकोव्हस्की, व्हेर्दी यांचे एलपींचे खोके होते. मुले परदेशी गेली, बंगले विकायला निघाले, की हा माल बाहेर येतो. अशाच एका बंगल्यात एका पारशी आजींनी मला तीन एलपींचा एक इटालियन ऑपेरा दाखवला. खोक्याचा कणा उसवलेला होता, पण आतली पुस्तिका कोरी करकरीत होती आणि तबकड्यांवर उजेड तिरपा पाडून पाहिले तरी चरा दिसत नव्हता. मी पहिली तबकडी उलटी केली, तर तिच्या मागे दुसरीऐवजी सहावी बाजू. दुसरीच्या मागे पाचवी, तिसरीच्या मागे चौथी. संच विसंगत जुळवला आहे असे कोणालाही वाटावे अशी ही मांडणी, परंतु ती मुद्दाम केलेली असे. त्या काळच्या रेकॉर्ड प्लेअरच्या मधल्या लांब दांडीवर तिन्ही तबकड्या एकावर एक चढवीत, एक संपली की दुसरी आपोआप खाली पडे, आणि तिन्ही संपल्या की सगळा ढीग एकदम उलटा करून पुन्हा चढवला की चौथी, पाचवी, सहावी बाजू ओळीने वाजे. दोन तासांचा ऑपेरा ऐकताना माणसाला एकदाच उठावे लागे. आजींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "अरे दीकरा, तो एकदा उठायचा पण कंटाळा. माझा नवरा मलाच उठवायचा."

पैशांचा विषय निघाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तू ऐकणार की विकणार?" ऐकणार असे म्हटल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला त्यावर घासाघीस करण्याची सोय नव्हती. काही भाव इतके कमी असतात की ते पाडायला गेले तर आपणच पडतो.

जुना संच पारखण्याच्या बाकीच्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या अनुभवाने कोणालाही येतात. तबकड्या मोजाव्यात, आणि प्रत्येक तबकडीवरील क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. मोठ्या घरांत दोन संचांच्या तबकड्या एकमेकींच्या पाकिटांत जाऊन बसलेल्या असतात. एलपी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली की वाक कळतो. ऐंशीच्या दशकातील सीडींच्या खोक्यांत मऊ स्पंजची चकती घालीत, ती काळाने चिकट होऊन सीडीच्या अंगाला लागते, तेव्हा असा खोका घरी आणल्याबरोबर पहिले काम ती चकती फेकून देण्याचे. इंग्लंडमधील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या पुष्कळ सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या आणि पुढे वाजेनाशा झाल्या, कारण त्यांच्यावरील लॅकरचा थर पाकिटाच्या कागदातील गंधकापुढे टिकला नाही. पितळी छटा दिसली की संच कितीही दुर्मीळ असो, खाली ठेवावा. आणि पुस्तिका नसेल तर माझ्या लेखी ऑपेराचा संच निम्म्या किमतीचा होतो, कारण इटालियन शब्द आणि त्यांचा अर्थ शेजारी-शेजारी वाचल्याखेरीज पात्रे का रडत आहेत हे नाशिकच्या माणसाला कळायला मार्ग नाही.

इथपर्यंतचा सगळा व्यवहार रचनाकाराभोवती फिरतो, आणि तेथेच आपल्या संगीताची वाट वेगळी होते. मोझार्टने जे कागदावर लिहिले ते मोजता येते, म्हणून त्याचे समग्र संगीत ही गोष्ट संभवते. आपल्याकडे यमन कोणाचा, तर गाणाऱ्याचा. आणि त्याचाही आजचा वेगळा, उद्याचा वेगळा. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी घेतली म्हणजे त्यांचा मारवा आपल्याकडे आला असे होत नाही, त्यांनी गायलेला एक मारवा आला एवढेच. त्याआधीच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीवर तर एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळे उरकावे लागे. तेव्हा रागसंगीताच्या मोठ्या खोक्यावर समग्र असा शिक्का दिसला की मी सावध होतो. तेथे आकार मोठा असण्याला अर्थ नाही, निवडणाऱ्याचा कान कसा आहे याला आहे.

याचे माझ्या कपाटातील सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे निंबस कंपनीने १९९९ मध्ये काढलेला 'द राग गाइड' हा संच. ४ सीडी, सोबत एक जाड पुस्तक आणि ७४ राग. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर आणि विद्याधर व्यास या चौघांनी एकेक राग काही मिनिटांत मांडला आहे. ज्यांना तासभर गायची सवय, त्यांना पुन्हा ७८ च्या तबकडीच्या काळातील शिस्तीत बसवले आहे, आणि त्या शिस्तीतून रागाचे तोंड कसे स्वच्छ दिसते हे ऐकण्यासारखे आहे. मला तो पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात पुस्तकाच्या भावाने मिळाला. विकणाऱ्याने सीडी हे पुस्तकाबरोबर फुकट आलेले काहीतरी समजून त्यांची किंमत धरलीच नव्हती. अशा वेळी चेहरा कोरा ठेवून आणखी एखादे बिनकामाचे पुस्तक सोबत घ्यावे, म्हणजे विकणाराही खूश राहतो.

याच संचातील विद्याधर व्यास हे नारायणराव व्यासांचे चिरंजीव, आणि नारायणराव हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. हे नाव आले की नाशिककराला आपल्या घरापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत येऊन राहिले, त्यांचा रामनाम आधार आश्रम येथलाच. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, १९२१ साली नाशिकमध्ये जन्मले. दहा वर्षांचे असताना वडील गेले, पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली, आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी सगळ्यांना ठाऊक असते. त्यापलीकडचे बापूराव गोळा करणे हा माझा खरा उद्योग आहे, आणि त्यासाठी कोणताही तयार खोका पुरत नाही. ७८ च्या तबकड्या, त्यांवरून पुढे केलेल्या एलपी, एलपींवरून केलेल्या कॅसेट, आणि आकाशवाणीने आपल्या संग्रहातून काढलेल्या सीडी असे चार थर एकत्र करून हा संच माझा मीच जुळवत आलो आहे.

त्यात पाश्चात्त्य खोक्यांची जुनी व्याधी येथेही भेटते. तीच साडेतीन मिनिटे वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली तीन-तीनदा विकत मिळतात. नव्या कव्हरवर भजनांचा संच लिहिलेले असते, आणखी एकावर अविस्मरणीय वगैरे लिहिलेले असते, आत ध्वनिमुद्रण एकच. त्यासाठी मी एक वही ठेवली आहे. तिच्यात राग, बंदिशीचा मुखडा, मिनिटे-सेकंद आणि पट्टी एवढीच नोंद असते. पहिल्या तिन्हींचे कारण उघड आहे. पट्टीचे सांगायला हवे. ७८ च्या तबकड्या नेमक्या ७८ च्याच वेगाने कापल्या जात असे नाही, आणि पुढे त्यांची नक्कल करताना वेग सुमारे सहा टक्के चुकला तरी सूर अर्ध्या पट्टीने सरकतो. कॅसेटच्या नकलांत तर यंत्राच्या पट्ट्याप्रमाणे गायकाचा आवाज कधी तरुण होतो, कधी जाड. एकच बंदिश एका नकलेत काळी एकमध्ये आणि दुसरीत पांढरी दोनकडे झुकलेली आढळली, की दोहोंपैकी एक नक्कल खोटी आहे हे नक्की. बापूरावांसारख्या निर्मळ सुराच्या गायकाच्या बाबतीत हे फार खुपते. मी हार्मोनियम शेजारी ठेवून ऐकतो, तानपुऱ्याचा षड्ज पकडतो आणि मगच त्या नकलेला वहीत जागा देतो. स्वस्तात मिळालेली चुकीच्या वेगाची कॅसेट ही स्वस्त नसते, ती जागा अडवते.

आता हा माल येतो कोठून? जुन्या नाशकातले वाडे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहू लागल्यापासून माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जातात, काही भद्रकालीकडच्या गल्ल्यांत पोहोचतात, काही बुधवारच्या बाजारात गोदाकाठी एखाद्या पथारीवर कुलपे आणि पान्ह्यांच्या शेजारी दिसतात. मी ज्याच्याकडे नेहमी जातो त्या रद्दीवाल्याने एकदा पोते पुढे ओढले आणि म्हणाला, "काका, घ्यायच्या तर आत्ताच निवडा. संध्याकाळी पिंपळगावचा माणूस यायचाय." मला वाटले, आणखी एक संग्राहक उपजला. चौकशी केली तर तो द्राक्षबागाईतदार निघाला. कॅसेटची फीत उकलून बागेवरून ताणून बांधली की वाऱ्याने ती घूं घूं वाजते, उन्हात चमकते आणि पाखरे बिचकतात. "त्यात गाणं कुठलं आहे ते बघतो का तो?" मी विचारले. "त्याला काय करायचंय? फीत लांब पाहिजे फक्त. नव्वदवाली असली तर दोन रुपये जास्त देतो." नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर बहुधा कोणीतरी रेडिओवरून किंवा मैफलीत स्वतः टिपलेले गाणे असते, म्हणजे माझ्या दृष्टीनेही पोत्यातील तीच सर्वांत मोलाची वस्तू. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांवर किती अनाम मैफली खर्ची पडल्या असतील याचा विचार मी करीत नाही. फक्त हंगामाच्या आधी रद्दीवाल्याकडे जरा लवकर जातो, आणि नव्वदच्या कॅसेटला दोन रुपये जास्त देतो.

आणलेल्या वस्तूची निगा ठेवणे नाशिकच्या पावसाळ्यात सोपे नाही. एलपीवर पांढरी बुरशी धरते, ती मऊ कापडाने आणि पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते. परंतु हाच उपाय ७८ च्या तबकडीवर केला तर तबकडीच विरघळू लागते, कारण ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. (जगभरच्या त्या तबकड्यांसाठी लाख बव्हंशी आपल्याच देशातून जात असे, इटालियन गायक कारुसोचा आवाजही आपल्या झाडांवरच्या किड्यांच्या कृपेनेच टिकला म्हणायचा.) तिला साबणाचे किंचित पाणी आणि कोरडी हवा पुरते. कॅसेटच्या तोंडाशी असलेला स्पंजचा बारीक तुकडा गळून पडलेला असला तर आवाज दबतो. दुसऱ्या निकामी कॅसेटमधून तो काढून चिमट्याने बसवता येतो. म्हणून निकामी कॅसेटही मी टाकत नाही, आणि घरातील मंडळींचा या एका मुद्द्यावर माझ्याशी कायमचा मतभेद आहे.

हे सगळे इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळते, हा आक्षेप मी मान्य करतो आणि पुढे जातो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षांचा आहे, त्यामुळे बापूरावांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या मोकळ्या झाल्या आणि त्या ऐकायला कोणाची हरकत नाही. मीही ऐकतो. मात्र तेथे बंदिशीचे नाव चुकलेले असते, पट्टी घसरलेली असते, कधी गायकही भलताच असतो, आणि हे तपासायला शेवटी कोणाच्या तरी कपाटातील मूळ तबकडीच लागते. खरे म्हणजे माझ्यासारख्यांचे त्यात भलेच झाले आहे. सगळे फुकट मिळते अशी लोकांची खात्री पटल्यापासून मूळ वस्तूचा भाव पोत्याने उतरला.

कपाटाला मात्र मर्यादा आहे, म्हणून जे दुबार होते ते मी पुढे देतो. गांधर्वच्या विशारद परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी अधूनमधून येते आणि मी जेवढ्याला घेतले तेवढ्यालाच नेते. मागे तिला ग्वाल्हेर गायकीचा चार कॅसेटींचा एक संच दाखवला. तिने खोका उघडला, कॅसेट मोजल्या, एकेक काढून स्पंज तपासला, उलटी करून फीत घट्ट आहे का ते पाहिले आणि म्हणाली, "काका, पुस्तिका नाहीये यात. पन्नास कमी करा." मी म्हटले, तीस. चाळिसावर व्यवहार ठरला.